चाक आत होतं की बाहेर?

दादू, परवा तळ्याची शर्यत झाली. टांगे फक्त चार. त्यातल्या एकाचं चाक दुसऱ्याच फेऱ्यात कुरकुरायला लागलं, म्हणून शेवटी तीनच उरले. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, ही शर्यत न्हाई, ही वरात हाय." आणि बिडी विझवून कानावर ठेवली असतीस.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. हे मी कागदावर का उतरवतोय ते मलाही नीट सांगता येत नाही. तू शाळेत चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसलास आणि त्यातलं निम्मं विसरलो असं अभिमानानं सांगत हिंडलास. हे तू वाचणार नव्हतासच, असतास तरी. पण सहा वर्षं रोज तुझ्या शेजारी बसून जे बोललो नाही, ते एकदा ओळीनं लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पोरांच्या वहीत खाडाखोड दिसली की मी कान पिळतो. आज माझ्याच वहीत किती खाडाखोड होते ते बघू.

आपला रोजचा सकाळचा रस्ता आठव. तुला आठची गाडी गाठायची असे, मला स्टेशनजवळची शाळा. तू वेशीपाशी टांगा उभा करायचास, मी खिशातून गुळाचा खडा काढून लाखीच्या तोंडाशी धरायचो आणि मगच पुढे तुझ्याशेजारी चढायचो. मागच्या बाकावर मी कधी बसलो नाही. लाखीला या खड्याची अशी सवय लागली होती, की मी नुसता कोपऱ्यावर दिसलो तरी ती मान वळवायची. तू वैतागायचास. "बिगडिवली माझी घोडी मास्तरानं. गाढवाला गुळाची चव न्हाई म्हंत्यात, हिला लय हाय." गूळ आपल्याकडे काय, घरोघरी. पण ती तो माझ्याच हातून घ्यायची, याचा मला उगाच दिमाख होता.

पुढे तळ्याचं वळण लागे. तिथे तू लगाम जरा सैल सोडायचास, समोर बघत राहायचास आणि विचारायचास, "मास्तर, चाक आत हुतं का भाईर?"

मी म्हणायचो, "आत."

"तुमी बगितलं?"

"पाहिलं."

"मग झालं तर," म्हणून तू लाखीला चुचकारायचास आणि टांगा पुढे निघायचा. मागे बसलेले उतारू हसायचे. त्यांना वाटायचं, दोन जुन्या दोस्तांची ही चेष्टा आहे, चालू द्या. सहा वर्षं, सुट्ट्या सोडून रोज. माझ्याइतका खोटं बोलण्याचा रियाज कुणी गवयानंही गाण्याचा केला नसेल.

ही शर्यत मुळात सुरू कशी झाली, ते मी तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं, तुझ्याच ओसरीवर. ती सुरू झाली तेव्हा रेल्वे येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात टांगे दोनच. एकदा स्टेशनावर एक भटजी उतरले, बरोबर तीन पेट्या. दोन्ही टांगेवाले त्या पेट्यांना चिकटले. एकानं एक उचलली, दुसऱ्यानं दुसरी, तिसरी मधे धुळीत. तू-तू मी-मी वाढली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, तळं उन्हानं आटलंय, त्याला फेरा मारा. जो पुढे येईल त्याचा उतारू. दोघांनी घोडी सोडली. भटजी बिचारे उभे राहून कंटाळले, त्यांनी एक हमाल बघितला, चालत घरी गेले, आंघोळ करून जेवले आणि मग कोण जिंकलं ते विचारायला परत आले. तोवर तळ्याकाठी भांडण पुन्हा पेटलेलं. दोघं म्हणाले, महाराज, तुमचा शब्द आम्हांला देवाचा, तुम्हीच निकाल द्या. भटजी म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही त्याचा निकाल मी देणार नाही. पुन्हा पळा, मी बसतो इथे."

तुझे आजोबा हे सांगताना मांडीवर थाप मारायचे. दुसऱ्यांदा पळून जो जिंकला, तो त्यांचा बाप. म्हणजे तुझा पणजोबा.

तेव्हापासून दर चैत्रात, देवाची यात्रा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, तळ्याच्या कोरड्या पात्रात शर्यत. अंड्यासारखा लांबट गोल रस्ता, त्याच्या आतल्या अंगानं चुन्याच्या फक्कीची रेघ, तीन फेरे. नेम मोजकेच. वर्षभर ज्यात उतारू बसले तोच टांगा, तेच घोडं, तीच चाकं. मागच्या बाकावर दोन उतारूंच्या वजनाची वाळूची पोती. रेघेच्या आत ज्याचं चाक जाईल तो बाद. फलटणकडचा एकजण एकदा सडपातळ घोडं आणि नवाकोरा हलका टांगा घेऊन आला होता. तुझ्या वडलांनी टांग्याला नाक लावलं, म्हणाले, "ह्याला रोगणाचा वास येतूया, मानसाचा येत न्हाई," आणि त्याला पंगतीला बसवून जेवायला घातलं, पण शर्यतीत घेतलं नाही.

आणि भटजींच्या आठवणीचा नेम वेगळा. वळणावरच्या पंचानं निकाल देताना रेघेची चिमूटभर फक्की कपाळाला लावायची आणि म्हणायचं, "डोळ्यांनी पाहिलं." एवढं म्हटलं की त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. जिंकणाऱ्याच्या घोड्याच्या गळ्यात पितळेची घंटा, वर्षभर. घंटेचा टांगा लांबून ऐकू यायचा आणि बाया भाकरी थापता थापता म्हणायच्या, आठची गाडी आली वाटतं.

तुझ्या गळ्यात, म्हणजे लाखीच्या, ती घंटा कधी आली नव्हती. तुझ्या आजोबांच्या घोड्यानं ती नेली, वडलांच्या घोड्यानं दोनदा नेली, तुझंच राहिलं होतं. तू बोलून दाखवायचा नाहीस. फक्त लाखीच्या गळ्याचा पट्टा तू शिवून घेतलास तेव्हा त्याला मधोमध एक रिकामी कडी ठेवलीस. मी विचारलं, ही कशाला? तू म्हणालास, "आसू दे रं. आसली म्हंजी बरं."

"आसू दे रं." तेव्हा तू मला "रं" म्हणायचास. चारचौघांत "मास्तर, तुमी", आणि टांग्यात दोघंच असलो की "काय रं मास्तरा", "गप रं", "बस की गड्या". हे मी तेव्हा कानांनी ऐकत होतो, पण मोजत नव्हतो.

लढाईची वर्षं. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या आणि चढाला उतारूंनाच ढकलायला लावायच्या. टांगेवाल्यांचा मात्र सुकाळ होता. सहा वर्षांपूर्वीच्या त्या चैत्रात तळ्यावर चौदा टांगे उतरले. पलूसहून, कराडच्या अंगानं, कुठून कुठून माणूस आला होता. वळणाचे म्हातारे पंच आजारी होते. बापूंनी, म्हणजे टांगेवाल्यांतल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं, मला बोलावून सांगितलं, "मास्तर, यंदा तुमी हुबं ऱ्हावा. शिकल्याली मानसं खोटं बोलत न्हाईत." हे वाक्य मी अजून पचवतोय.

मी रेघेच्या आत, वळणाच्या पोटात उभा राहिलो. खांद्यावर उपरणं, मनात केवढी शान. तेवढ्यात गर्दीतून सखाराम टांगेवाल्याच्या बाजूचा कुणीतरी ओरडला, "आज काय, दादूचा दोस्तच पंच हाय! बांधून टाका की घंटा!" लोक हसले. मीही हसलो. पण ते बोलणं काट्यासारखं आत रुतलं.

पहिला फेरा नीट गेला. दुसऱ्यात चौदाचे सहा राहिले. तिसऱ्यात पुढे तुम्ही दोघंच होता, तू आणि सखाराम, चाकाला चाक लावून. वळणावर आलात तेव्हा सगळी धूळ तुमच्याबरोबर आली. दादू, मी उपरणं तोंडावर घेतलं. डोळे मिटले. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण जेवढा वेळ लागायचा तेवढाच. डोळे उघडले तेव्हा तुम्ही दोघं पुढे निघून गेला होता आणि माझ्यापासून चार हातांवर फक्कीची रेघ मोडलेली होती. एका चाकाची खूण, अगदी स्वच्छ, रेघेच्या आत वीतभर.

एक चाक आत गेलं होतं. कुणाचं, ते मी पाहिलं नव्हतं.

तू अर्ध्या टांग्यानं पुढे होतास. लोकांनी तुझ्या नावाचा गजरसुद्धा केला. मग बापू माझ्याकडे आले. रेघ मोडलेली सगळ्यांना दिसत होती. "मास्तर, कुनाचं?"

भटजींची गोष्ट मी पोरांना वर्गात सांगत आलो होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मी पाहिलं नाही, पुन्हा पळा. पण शिकलेला माणूस, पंच म्हणून उभा केलेला, तोंडावर उपरणं घेऊन उभा होता, हे हजार माणसांत कसं सांगायचं? आणि नाव तर घ्यायचं होतं. सखारामचं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, दोस्ताला दिली. तुझं घेतलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं. मी खाली वाकलो, फक्की उचलली, कपाळाला लावली आणि म्हणालो, "दादूचं. डोळ्यांनी पाहिलं."

लोकांनी माझी वाहवा केली. दोस्त असून खरं बोलला म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता मूठ उघडतो तर त्यात हे आहे: मला सखारामवर अन्याय करायची भीती वाटली, तुझ्यावर करायची वाटली नाही. आपल्या माणसाला तोडणं सोपं असतं, तो कुठे जातोय, असं मनात कुठेतरी होतं. निष्पक्ष राहून तुला शिक्षा दिली नाही मी, तू आपला म्हणून दिली.

तू टांग्यातून उतरलास. लाखीच्या तोंडाचा फेस पुसलास. मग सावकाश माझ्यापर्यंत आलास आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारलास. "मास्तर, चाक आत हुतं का भाईर?"

"आत."

"तुमी बगितलं?"

"डोळ्यांनी पाहिलं."

तू माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलास. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं आणि त्याचा अर्थ लागला नाही. "मग झालं तर," म्हणालास. घंटा सखारामच्या घोड्याला बांधली. तू स्वतः गाठ मारून दिलीस.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं की टांगा थांबणार नाही. थांबला. मी भीत भीत गूळ दिला, लाखीनं घेतला. मी चढलो. तू म्हणालास, "बसा मास्तर." दोघंच होतो आपण. तरीही "बसा". त्या दिवसापासून तू मला कधी "रं" म्हणाला नाहीस. बाकी सगळं दिलंस. शेतातल्या शेंगा दिल्यास, शिव्या दिल्यास, सल्ले दिलेस, आणि तेवढं एक काढून घेतलंस. माझ्याखेरीज हे कुणाला कळलंही नाही.

आणि तू पुन्हा शर्यतीत उतरला नाहीस. लोक म्हणाले, दादू रुसला. मीही तेच मानलं.

त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट तुझ्यासमोर मी कधी काढली नाही, कारण तू लाजायचास. आमच्या हिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, सुईण हात टेकून बसली, मिरजेला दवाखान्यात न्यायला हवं आणि ओढ्याला पाणी. सगळे म्हणाले, टांगा जाणार नाही. तू मात्र टांग्यात हिला निजवलंस, स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरलास आणि लाखीचं तोंड धरून पाऊल पाऊल पलीकडे नेलंस. स्टेशनावर गाडी शिट्टी देत होती. तू रुळावर जाऊन उभा राहिलास, दोन्ही हात पसरून. गार्डानं आईबहीण काढली, तू हात जोडलेस, पण हलला नाहीस. माझी थोरली यंदाच्या श्रावणात सहा वर्षांची होईल ती त्यामुळे.

दवाखान्याच्या ओसरीवर आपण दोघं बसलो होतो. तुझं धोतर ओलं, गुडघा खरचटलेला. आत पोर रडल्याचा आवाज आला. मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "दादू, त्या शर्यतीचं..." तू माझ्याकडे वळलास. सगळा वळलास, नुसती मान नाही. आणि मी म्हणालो, "...जाऊ दे. तुझे उपकार कसे फेडू?" तू हात सोडवून घेतलास. "उपकार कसलं, मास्तर. तुमी बसा, मी चा बगतो कुठं मिळतो का."

ओठांवर आलेलं परत गिळलं मी, दादू. ताकाला जाऊन भांडं लपवलं. त्यानंतर धीर झालाच नाही.

दिवस बदलले. लढाई संपली, लष्करानं विकलेले जुने ट्रक रंग लावून उतारू वाहायला लागले. पोरं लढाईवरून आली, ज्यांना तू स्टेशनावर सोडलं होतंस त्यांतल्या बऱ्याच जणांना तूच घरी आणलंस, आणि जे आले नाहीत त्यांच्या दारावरून जाताना तू घोडी चालवायचास, पळवायचा नाहीस. स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, आणि गावात मोटारीचा थांबा झाला. सखारामनं टांगा विकून खाकी कपडे घातले आणि मोटारीचा कंडक्टर झाला. चौदाचे आठ झाले, आठाचे चार. तुझा मुलगा शिवा पलटणीत गेला. तू मात्र आठची गाडी सोडली नाहीस. मी मोटारीनं शाळेत जाऊ शकलो असतो, वेळही वाचला असता. पण मला तो प्रश्न रोज ऐकायचा होता. वाटायचं, जोवर हा विचारतोय तोवर सांगायची संधी शिल्लक आहे.

मग तुझ्या छातीत कफ धरला. मी रोज शाळा सुटली की यायचो. शेवटच्या दिवशी सुंदरावहिनी पायाशी बसून तुझे तळवे शेकत होत्या. तू डोळे उघडलेस. आवाज असा होता की ओठांवरूनच वाचावं लागलं. "मास्तर, चाक?"

मी म्हणालो, "बरा हो आधी. मग बोलू."

तू हसलास. मग भिंतीकडे तोंड केलंस. सकाळी वहिनींचा हंबरडा ऐकून मी धावत आलो तेव्हा लाखी दारात उभी होती, तिच्या पट्ट्याची ती कडी तशीच रिकामी होती, आणि माझ्या खिशात सवयीनं टाकलेला गूळ होता.

"बरा हो, मग बोलू." सहा वर्षांच्या खोट्याचं मला एवढं वाईट वाटत नाही, जेवढं या वाक्याचं वाटतं. तेव्हा तरी मी कुणाला भीत होतो? खोलीत तिघंच होतो आपण.

यंदा बापूंनी पुन्हा मलाच वळणावर उभं राहायला सांगितलं. दर साली सांगायचे, मी दर साली काहीतरी सबब काढायचो. यंदा हो म्हणालो. घरात हिलासुद्धा सांगितलं नव्हतं मी काय ठरवलंय ते, कारण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, आणि विचारलं असतं तर मी पुन्हा डळमळलो असतो.

वर्षभरात जो टांगेवाला गेला असेल, त्याचं घोडं शर्यतीआधी तळ्याभोवती एक फेरा मोकळं चालवायचं, हा रिवाज तुला ठाऊकच आहे. घरच्यानं धरायचं असतं. शिवाला रजा मिळाली नाही, तिकडे काश्मीरच्या अंगाला आहे तो. मग वहिनी स्वतः आल्या. तोंडावर पदर, हातात लाखीचा दोर. लोकांनी वाट करून दिली. बाईमाणसानं दुखवट्यात बाहेर पडावं का, वगैरे कुजबुज झाली, पण मोठ्यानं बोलायची कुणाची छाती झाली नाही.

लाखी निघायच्या आधीच मी पुढे झालो. "बापू, मला बोलायचंय." मास्तर चार शब्द सांगणार, तुझ्याबद्दल काहीतरी गोड, असं त्यांना वाटलं असणार.

मी म्हणालो, "चौदा टांगे होते त्या साली मी इथं कपाळाला फक्की लावली आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणालो. ते खोटं होतं. मी तोंडावर उपरणं घेतलं होतं. चाक कुणाचं आत गेलं ते मी पाहिलं नाही. दादूचं नाव मी घेतलं, कारण तो माझा दोस्त होता आणि लोक मला नावं ठेवतील म्हणून मी भ्यालो."

कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सखाराम कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच आला होता, त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मास्तर, मला इचारू नगा. म्या तर सरळ पुढं बघत हुतो. आन् ती घंटा आता काय धुऊन प्यायची?" बापू शेवटी एवढंच म्हणाले, "लय उशीर केलासा, मास्तर." आणि पुढे म्हणाले, "वळणावर दुसरा मानूस हुबा करतो. तुमी तिथं जाऊन नुसतं हुबं ऱ्हावा. त्याचं घोडं तुमच्यासमोरनं जाऊ दे."

मी वळणाच्या पोटात, त्याच जागेवर जाऊन उभा राहिलो. रेघ नुकतीच ओढलेली, पांढरीशुभ्र. पलीकडून वहिनी लाखीला घेऊन येत होत्या. म्हातारी झाली रे ती, मागचा पाय जरा ओढते. लोक हात जोडत होते. वळणाशी आली आणि तिनं मान वर केली. मला पाहिलं. आणि सरळ चाल सोडून ती आत वळली. वहिनींनी दोर ओढला, "ये, ये, हिकडं", पण त्या बाईच्या अंगात किती जोर? लाखी फक्कीची रेघ तुडवून माझ्यापर्यंत आली आणि तिनं माझ्या खिशाला नाक लावलं.

वहिनी दोर धरून उभ्या राहिल्या. पदर घसरला होता. रडत होत्या, आणि त्यातच हसूही येत होतं त्यांना. "बगितलंसा भावजी? तवा बी आसंच झालं हुतं."

मला कळेना. "म्हणजे?"

"त्याच दिशी घरी येऊन सांगितलं हुतं त्यांनी. म्हनले, वळनावर मास्तर हुबा, घोडीनं वळखलं त्याला आन् गुळासाठी आत वळली. लगाम वढस्तवर चाक गेलं आत. मास्तरानं तर तोंड झाकल्यालं, त्यानं काय बगितलं न्हाई."

"मग बोलला का नाही तो? तिथंच का नाही सांगितलं?"

"आवं, सांगितलं आसतं तर लोकं काय म्हनली आसती? मास्तरानंच गूळ दावून घोडी आत घेतली. तुमची शाळा, तुमचं नाव. त्यापक्षी हरल्यालं बरं, म्हनले. म्हनून तर पुन्यांदा शर्यतीत उतरलं न्हाईत. मास्तर कुठंबी हुबा आसला तरी घोडी तिकडंच जायाची, म्हनले."

मी तळहातावर गूळ धरला होता आणि लाखी तो खात होती.

"मग रोज का विचारायचा मला? सहा वर्षं, वहिनी!"

"तुमी एकदा म्हनावं म्हनून, बगितलं न्हाई. येवढंच पायजे हुतं त्यांस्नी. म्हनायचे, निकालाचा राग न्हाई मला, निकाल बरूबर हाय. पर माझ्या तोंडावर खोटं बोलला त्यो." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "जाताना निरोप ठेवलाय तुमच्यासाटी. म्हनले, त्यो आपनहून बोलला तरच दे, न्हाईतर नगं देऊ."

"काय निरोप?"

"म्हनले, त्याला म्हनावं, चाक आतच हुतं रं गड्या."

मी खुळ्यासारखं विचारलं, "'रं' म्हणाला?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "रं म्हनले."

दोर माझ्या हातात देऊन त्या बाजूला झाल्या, आणि उरलेला अर्धा फेरा लाखीला मी चालवत नेलं. रेघेच्या बाहेरून. ती सारखी खिशाकडे बघत होती.

उद्या मी सखारामकडे जाणार आहे. घंटा त्याचीच होती, हे त्याला सांगितलंच पाहिजे, नाहीतर एक खोटं झाकायला दुसरं केल्यासारखं होईल. तुझी ना नसेल असं धरून चालतो. बापूंनाही सांगेन, गुळासकट. लोकांना मला हसू दे. तू सहा वर्षं माझी अब्रू झाकलीस, तेवढी पुरे झाली.

सकाळी आता मी चालत शाळेत जातो. वळणाशी पाय आपोआप हळू होतात. कुणी विचारत नाही. पण उत्तर मात्र तुला द्यायचं राहिलंय, तुझ्या शेजारी बसून द्यायला हवं होतं ते. तर ऐक. चाक आत होतं की बाहेर, मला दिसलंच नव्हतं रं गड्या.